इंजिनाची शिल्लक

स्पोर्ट्स कारला नवा एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारे पाइप आणि सायलेन्सर) बसवला किंवा तिचं इंजिन रिमॅप केलं, म्हणजे त्याच्या संगणकातले आकडे बदलले, की भेटेल तो पहिला प्रश्न एकच विचारतो : किती हॉर्सपॉवर वाढले? आकडा मोठा असला तर चेहरा खुलतो, लहान असला तर विषय बदलतो. मला मात्र त्यापुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. वाढले ते आले कुठून?

इंजिनात शक्ती कुणी बाहेरून आणून ओतत नाही. ते इंजिन घडवणाऱ्या अभियंत्यांनी जागोजागी थोडं थोडं राखून ठेवलेलं असतं. तापमानात थोडं, दाबात थोडं, आवाजात आणि धुरात थोडं, क्लचच्या पकडीत थोडं. ही त्या इंजिनाची शिल्लक. एक्झॉस्ट काय किंवा रिमॅप काय, दोन्ही त्या शिलकीतूनच खर्च करतात. त्यातली काही शिल्लक खरोखर मालकाची असते; ती वापरली तर कुणाचं काही जात नाही. काही त्याच इंजिनाच्या उतारवयासाठी ठेवलेली असते. आणि काही मालकाची नसतेच, ती रस्त्यावरच्या इतरांची असते. वेगवान गाड्यांवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणूनच या तिन्हींची गल्लत झालेली मला पाहवत नाही.

एक्झॉस्टबद्दलचा सगळ्यांत चिवट समज असा, की इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच. जळालेला वायू बाहेर टाकताना अडथळा हवासा वाटेल असं इंजिन अजून कुणी बनवलेलं नाही. समज आला कुठून तेही कळण्यासारखं आहे. टर्बो (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात हवा कोंबणारं यंत्र) नसलेल्या गाडीला कुणीतरी भलताच रुंद पाइप लावतो, खालच्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला कमी फेरे असताना, गाडी मरगळते, आणि निष्कर्ष निघतो की बॅक प्रेशर गेलं म्हणून दम गेला. गेलेला असतो तो वायूचा वेग. रुंद पाइपात वायू संथ होतो, आणि तो संथ झाला की पाइपाच्या आत चालणारा एक अतिशय देखणा खेळ बिघडतो.

तो खेळ असा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा पिस्टन अजून पुरता खाली पोचलेला नसतो आणि सिलिंडरमध्ये वातावरणाच्या कित्येक पट दाब उरलेला असतो. तो वायू फटकन बाहेर पडतो आणि दाबाची एक लाट पाइपात धावू लागते. बाहेरच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. पाइपातला वायू ६०० अंश सेल्सिअसला असेल तर ही लाट सेकंदाला सुमारे ५९० मीटर जाते. हेडरचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधून निघणारे, वेगवेगळे पाइप जिथे एकत्र मिळतात तिथे जागा अचानक रुंदावते, आणि तिथून ती उलटी फिरते. जाताना दाबाची असते, येताना ओढीची होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आलाय आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडू लागलाय, अशा नेमक्या क्षणी ती परत पोचली, तर सिलिंडरच्या कोपऱ्यात उरलेला जळका वायू ती खेचून नेते आणि मागोमाग ताजी हवाही आत ओढते. पिस्टन खाली निघण्याआधीच सिलिंडर भरू लागतो. जुळवणी चांगली असेल तर तो स्वतःच्या मापापेक्षाही जास्त भरतो.

ना हलणारा भाग, ना वीज, ना सेन्सर. नुसत्या पाइपाच्या लांबीने हे साधतं. हे समजल्यापासून चांगला हेडर हातात घेतला की मला त्याच्या वळणांत आकडेमोड दिसते. ८० सेंटिमीटरच्या पाइपात लाट जाऊन परत यायला पावणेतीन मिलिसेकंद लागतात. ७००० आरपीएमवर तेवढ्यात क्रँक (पिस्टनच्या रेट्याने फिरणारा इंजिनाचा दांडा) जवळपास ११५ अंश फिरतो. पाइप १० सेंटिमीटरने लांबवला तर लाट आणखी १४ अंश उशिरा पोचते. म्हणूनच एकच हेडर सगळ्या आरपीएमला लाभत नाही. लांब पाइप खालच्या आणि मधल्या आरपीएमला साथ देतात, आखूड पाइप वरच्या. चार पाइप आधी दोनात आणि मग एकात मिळवले तर टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, मधल्या पट्ट्यात पसरतो. चारही एकदम एकात मिळवले तर तो वरच्या टोकाकडे एकवटतो. शक्तीच्या आलेखाचं वरचं टोक उंचावणारा हेडर ३००० आरपीएमला कुठे खड्डा पाडतोय, हे पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दल मत बनवू नये.

आता टर्बो नसलेल्या नामांकित स्पोर्ट्स कार घ्या. १९९९ साली आलेल्या होंडा एस२००० चं दोन लिटरचं इंजिन जपानमध्ये २५० अश्वशक्ती देत होतं. फेरारी ४५८ इटालियाचं साडेचार लिटरचं व्ही८ ९००० आरपीएमवर ५७० देतं. म्हणजे दोन्हीकडे लिटरमागे सव्वाशे किंवा त्याहून किंचित जास्त. ज्या लोकांनी टर्बोशिवाय इथवर मजल मारली, त्यांनी एक्झॉस्टच्या लाटांचा हिशेब केला नसेल असं कसं होईल? अशा गाडीचा नुसता मागचा सायलेन्सर बदलून मिळणारी वाढ दोन-तीन टक्क्यांची, म्हणजे डायनो या शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या मोजणीत जेवढा फरक पडतो, बऱ्याचदा त्यातच मावणारी असते. हेडर, मोकळा कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि त्यांना जुळणारा मॅप असं सगळं एकत्र केलं तर आणखी थोडी मिळते, पण घाम फार गाळावा लागतो.

त्या गाड्यांवर एक्झॉस्टचा खरा फायदा वजनात आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पोलादाची घनता घनसेंटिमीटरला ७.९ ग्रॅमच्या आसपास, टायटॅनियमची साडेचार. कॉर्व्हेट झेड०६ ला २००१ मध्ये कारखान्यातूनच टायटॅनियमचा एक्झॉस्ट आला तो याच कारणासाठी. सायलेन्सर सहसा मागच्या चाकांच्याही पलीकडे लटकलेला असतो. गाडीच्या टोकाचं वजन कमी झालं की वळणात ती दिशा बदलायला लवकर तयार होते. आलेखावर याची एक रेषही हलत नाही, पण स्टिअरिंग धरणाऱ्या हातांना ते कळतं. ही वाढ कुणाच्याही वाट्यातून घेतलेली नाही, म्हणून मला ती सगळ्यांत प्रिय आहे.

टर्बो आला की चित्र पालटतं. लाटांची बरीचशी ऊर्जा टर्बाइनची पाती फिरवण्यात खर्ची पडते. टर्बाइनला काम करायला तिच्या पुढच्या आणि मागच्या दाबात फरक हवा. तिच्या मागे, म्हणजे सायलेन्सरच्या बाजूला, जितका अडथळा असेल तितका तो फरक घटतो. इथे मोकळेपणा निव्वळ फायद्याचा. टर्बोला लागून असलेला डाउनपाइप रुंद आणि सलग वळणाचा केला की टर्बो लवकर वेग घेतो आणि वरच्या आरपीएमला इंजिनाचा श्वास कोंडत नाही.

एवढं खरं असूनही नव्या टर्बो गाडीला महागडा एक्झॉस्ट लावून कित्येकांची निराशा होते. आवाज बदलला, गाडी तशीच. त्याचं कारण ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, विचारपद्धतीत आहे. आजचा ईसीयू ॲक्सिलरेटरच्या दाबाचा अर्थ टॉर्कमध्ये लावतो. चालकाला एवढा टॉर्क हवाय, त्यासाठी एवढी हवा लागेल, तेवढ्या हवेसाठी एवढा बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब), आणि तेवढ्या बूस्टसाठी वेस्टगेट (टर्बाइनला वळसा घालून वायू सोडणारी झडप) इतका उघडा. एक्झॉस्ट मोकळा झाला की तोच बूस्ट कमी कष्टात तयार होतो, मग ईसीयू वेस्टगेट जरा जास्त उघडतो आणि ठरलेल्या टॉर्कवरच थांबतो. टर्बोचे कष्ट वाचतात, टॉर्क थोडा आधी येतो, पण त्याचा माथा तिथेच राहतो. पाइपाने जागा करून दिली, पण त्या जागेचं काय करायचं हे मॅपला कुणी सांगितलेलंच नसतं.

पोर्शे ९११ मध्ये याचं फार सुरेख उदाहरण आहे. २०१५ मध्ये कॅरेराला तीन लिटरचं ट्विन टर्बो इंजिन आलं. साध्या कॅरेराला ३७० अश्वशक्ती आणि ४५० न्यूटन-मीटर, कॅरेरा एसला ४२० आणि ५००. घनफळ तेच. मधल्या ५० अश्वशक्तींचं श्रेय पोर्शेने स्वतःच तीन गोष्टींना दिलं : टर्बोचे बदललेले कॉम्प्रेसर, एससाठीचा वेगळा एक्झॉस्ट आणि इंजिन मॅनेजमेंटची वेगळी जुळवणी. बाहेरचे ट्यूनर करतात तेच काम कारखान्याने केलं, आणि तिन्ही गोष्टी एकत्र केल्या. एकटा एक्झॉस्ट किंवा एकटा मॅप विकत घेणाऱ्याने हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं.

मॅप म्हणजे ईसीयूच्या स्मृतीत साठवलेले तक्ते. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा : ठिणगी किती अंश आधी पाडायची, इंधन किती द्यायचं. दोन चौकटींच्या मधली किंमत ईसीयू क्षणोक्षणी काढत राहतो. इंधन आणि इग्निशन दोन्ही एकाच पेटीतून चालवणारी बॉशची मोट्रॉनिक प्रणाली १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय मधून आली. नंतर बरीच वर्षं ट्यूनिंग म्हणजे ईसीयू उघडून आतली चिप काढणं आणि नवे तक्ते भरलेली चिप बसवणं असं होतं. 'चिप ट्यूनिंग' हे नाव तेव्हापासूनचं. आता बहुतेक काम डायग्नोस्टिक सॉकेटमधून होतं, आणि तक्ते काही डझनांवरून हजारोंवर गेले आहेत. टॉर्कला किती ठिकाणी लगाम आहे हे पाहिलं की थक्क व्हायला होतं. गिअरनुसार वेगळी मर्यादा, तेलाच्या तापमानानुसार वेगळी, हवेच्या तापमानानुसार वेगळी. घाईघाईत केलेल्या रिमॅपमध्ये यातली एखादी मर्यादा तशीच राहून जाते, आणि मग भर वेगात ईसीयू अचानक थ्रॉटल मिटतो. चालकाला वाटतं टर्बोत काहीतरी बिघाड आहे.

सगळ्या तक्त्यांत मला इग्निशनचा तक्ता सर्वांत बोलका वाटतो. ६००० आरपीएमवर क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. ज्योत सिलिंडरभर पसरायला वेळ घेते, त्यामुळे पिस्टन वर पोचण्याच्या बरंच आधी ठिणगी पाडावी लागते. सर्वोच्च दाब पिस्टन माथ्यावरून उतरू लागल्यानंतर सुमारे १५ अंशांनी यावा, तेव्हा क्रँकला सर्वांत चांगला रेटा मिळतो. ठिणगी उशिरा पडली तर तो रेटा वाया जातो आणि उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. फार आधी पडली तर ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं. हेच नॉकिंग. ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर ती थरथर ऐकत असतो. सर्वसाधारण मापाच्या सिलिंडरमध्ये ती सेकंदाला ६ ते ७ हजार कंपनांच्या घरात असते. ऐकू आली की ईसीयू त्या सिलिंडरची ठिणगी काही अंश मागे घेतो, आणि मग हळूहळू पुन्हा पुढे सरकवून पाहतो.

मालकाची हक्काची शिल्लक इथे सापडते. कारखान्याचा मॅप सगळ्या जगासाठी असतो. तो हलक्या पेट्रोलवर, भर उन्हाळ्यात, समुद्रसपाटीपासून उंचावर आणि निष्काळजी मालकाच्या हातातही तगला पाहिजे. जो माणूस नेहमी ९८ ऑक्टेनचंच पेट्रोल भरतो, स्पार्क प्लग वेळेवर बदलतो आणि इंजिनाचं तेल गरम झाल्याशिवाय गाडी ताणत नाही, त्याच्यासाठी राखलेले काही अंश आणि थोडा बूस्ट विनाकारण पडून असतो. तो वापरायला माझी मुळीच हरकत नाही. टर्बो इंजिनात नुसत्या मॅपने १५ ते ३० टक्के वाढ मिळते ती बरीचशी इथूनच. टर्बो नसलेल्या इंजिनात बूस्ट नसल्यामुळे तीच वाढ तीन-चार टक्क्यांवर येते. आणि पेट्रोलच बेताचं असेल, तर आधीच ठिणगी मागे घेत असलेल्या ईसीयूला आणखी पुढचे आकडे देऊन काही पदरात पडत नाही. नॉकिंग तेवढं वाढतं.

यापुढची शिल्लक वेगळ्या जातीची आहे. पूर्ण भारावर पेट्रोल इंजिनाला मुद्दाम जास्त इंधन दिलं जातं. पेट्रोल नीट जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. पूर्ण जोरात हे प्रमाण १२.५ च्या आसपास आणतात. त्यामागे शक्तीचा हेतू असतो तसाच थंडाव्याचाही असतो. जादा इंधन एक्झॉस्टचं तापमान खाली ठेवतं, आणि टर्बाइनच्या तोंडाशी ते साधारण ९५० ते १०५० अंशांच्या पलीकडे जाऊ द्यायचं नसतं. काही रिमॅपमध्ये ही मर्यादाच वर सरकवलेली असते. गाडी त्या दिवशी छान पळते. किंमत पुढे कधीतरी टर्बाइनची पाती आणि भेगाळलेला मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला वायू टर्बोकडे नेणारा भाग) मोजतात.

शिल्लक भागाभागात सारखी नसते, हे तर निसान स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी२६ इंजिनाने फार स्पष्ट दाखवलं. १९८९ मध्ये आर३२ आली तेव्हा जपानी कंपन्यांमध्ये २८० अश्वशक्तीच्या वर आकडा जाहीर करायचा नाही असा आपसातला समझोता होता. तो २००४ पर्यंत टिकला. २.६ लिटरच्या त्या इंजिनाचा बिडाचा ब्लॉक दुप्पट शक्तीही पेलतो हे ट्यूनर्सना लवकरच कळलं. पण साध्या जीटी-आरच्या टर्बोंमध्ये टर्बाइनची चाकं सिरॅमिकची होती. हलकी, म्हणून पटकन फिरणारी, पण ठिसूळ. एक्झॉस्ट मोकळा करून बूस्ट बराच वाढवला की ती चाकं तुटायची. ब्लॉकमध्ये शिल्लक भरपूर, तिच्या शेजारच्या मूठभर चाकात जवळपास नाहीच. रिमॅप करण्याआधी इंजिनाचा सर्वांत मजबूत भाग कोणता हे विचारणारे खूप भेटतात. सर्वांत कमकुवत भाग विचारणारा क्वचित.

गिअरबॉक्सचंही तेच. फोक्सवॅगन गोल्फच्या सातव्या पिढीतली जीटीआय ३५० न्यूटन-मीटर देत होती, आणि तिचा सहा गिअरचा डीक्यू२५० गिअरबॉक्सही ३५० साठीच ठरवलेला. नुसत्या मॅपने ते इंजिन ४०० च्या पुढे जातं. क्लच लगेच तुटत नाही, कारण त्यालाही त्याची स्वतःची शिल्लक आहे. पण मग गिअरबॉक्सच्या संगणकातला क्लचचा दाबही वाढवावा लागतो, नाहीतर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये आरपीएम चढतात आणि वेग चढत नाही.

आणि टॉर्क किती यापेक्षा तो कधी येतो हे जास्त घातक ठरू शकतं. लहान, थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनात १८००-२००० आरपीएमला पूर्ण बूस्ट कोंबला तर तेलाचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगीच्या बराच आधी मिश्रण पेटवू शकतो. हा स्फोट साध्या नॉकिंगपेक्षा कितीतरी जबर असतो आणि ठिणगी मागे घेऊन तो थांबत नाही, कारण तो ठिणगीमुळे झालेलाच नसतो. पिस्टन फुटतो किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. याला आळा घालणारी इंजिन तेलं आता मुद्दाम बनवली जातात. चांगला ट्यूनर खालच्या आरपीएमला हात आखडता घेतो आणि टॉर्क हळूहळू चढवत नेतो. पाठीला धक्का जरा कमी बसतो, रॉड सरळ राहतात.

आता जी शिल्लक आपली नाही तिच्याबद्दल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अमेरिकी गाड्यांत १९७५ पासून सर्रास आले. पुढच्याच वर्षी व्होल्वोने बॉशचा लॅम्डा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बसवला आणि इंधनाचं प्रमाण इतकं अचूक राखता येऊ लागलं, की एकच कॅट कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड, तिन्ही निकामी करू लागला. गरम झालेला चांगला कॅट यातला ९० टक्क्यांहून अधिक भाग नष्ट करतो. त्यात चौरस इंचाला ४०० ते ६०० बारीक वाहिन्या असतात, म्हणून थोडा अडथळा होतो हे खरं. स्पोर्ट्स कॅटमध्ये त्या २०० किंवा १०० असतात. वाहिन्या कमी म्हणजे धातूचा मुलामा दिलेला पृष्ठभागही कमी. थंड इंजिनावर फरक जास्त पडतो. तरी चांगला २०० वाहिन्यांचा कॅट ही मला समजण्यासारखी तडजोड वाटते, जिथे कायदा तिला परवानगी देतो तिथे.

कॅट काढूनच टाकणं मात्र मला मान्य नाही, आणि यात मी मधला मार्ग शोधत बसत नाही. मिळतं काय? टर्बो थोडा आधी जागा होतो, वर काही अश्वशक्ती, आणि एक उग्र वास. त्यासाठी मागच्या दुचाकीस्वाराच्या, फुटपाथवरच्या मुलाच्या छातीत काय जातं याचा हिशेब डायनोवर कुठेच उमटत नाही. कॅटनंतरचा दुसरा लॅम्डा सेन्सर बिघाड दाखवू लागतो म्हणून मॅपमध्ये त्याचे डोळे बांधले जातात. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण उघडकीला आलं, त्यात सॉफ्टवेअर चाचणी सुरू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवत होतं. तेव्हा जगभर संताप झाला, आणि तो योग्यच होता. मग आपल्या एका गाडीत सेन्सरला गप्प करणारी ओळ लिहून घेताना तो संताप कुठे जातो?

ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटफट आवाज काढणारे मॅपही याच वर्गातले. त्यात ठिणगी मुद्दाम खूप उशिरा पाडून, वर इंधन फवारून, ते एक्झॉस्टमध्ये पेटवतात. रॅलीत टर्बो फिरता ठेवण्यासाठी असा खटाटोप केला जायचा, तिथे त्याला कारण होतं. रस्त्यावर त्याने कॅटचं जाळीदार अंग भाजून निघतं आणि एकाही मीटरला वेग वाढत नाही.

आवाजाचा मला तिटकारा आहे असं कुणी समजू नये. उलट चांगल्या इंजिनाचा आवाज ऐकण्यासाठी मी थांबतो, वाट पाहतो. लेक्सस एलएफएच्या ४.८ लिटर व्ही१० चा आवाज घडवण्यात यामाहाच्या लोकांनी काम केलं. ९००० आरपीएमवर त्या इंजिनात सेकंदाला ७५० स्फोट होतात, सहा सिलिंडरच्या इंजिनात ४५०. तो स्वर इंजिनाच्या रचनेतून येतो, नुसतं सायलेन्सर पोकळ करून तो मिळत नाही. मिळतो फक्त गोंगाट. टर्बाइन लाटा गिळते आणि २०१८ नंतरच्या युरोपीय गाड्यांतला पेट्रोल पार्टिक्युलेट फिल्टर (काजळी अडवणारी गाळणी) आणखी थोडा आवाज गिळतो, हे खरं दुःख आहे. पण मिटणाऱ्या-उघडणाऱ्या झडपेचे एक्झॉस्ट त्यावर बरा उपाय आहेत. वस्तीत झडप मिटलेली, ट्रॅकवर उघडी. रात्रीची शांतता ही शेजाऱ्यांची शिल्लक, तीही आपल्या खात्यात नाही.

हिशेबाचा कागद म्हणजे डायनोचा आलेख, आणि तो वाचायची आपली सवय उलटी आहे. नजर थेट शिखरावर जाते. शिखर हवामानावर, बॉनेटसमोरच्या पंख्यावर, चाकांपासून क्रँकपर्यंतचं नुकसान किती धरलंय यावर हलतं. आत येणारी हवा १० अंशांनी तापली की तिची घनता तीनेक टक्क्यांनी उतरते. म्हणून तीच गाडी, तोच डायनो, तोच दिवस, आधी आणि नंतर, एवढीच तुलना मी मानतो. शिवाय कमाल वेगाच्या बाबतीत शिखराचं मोल समजतो त्याहून फार कमी असतं. हवेचा विरोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे ताशी २५० किलोमीटर जाणाऱ्या गाडीची शक्ती २० टक्के वाढवली तरी ती जेमतेम २६५ पर्यंत जाते.

रोज हाताशी येते ती आलेखाच्या मधल्या भागातली वाढ. ३००० आरपीएमला टॉर्क ३५० वरून ४३० न्यूटन-मीटर झाला, तर त्या जागी सुमारे ३४ अश्वशक्ती वाढल्या, शिखराचा आकडा तोच असला तरी. चढावर, ओव्हरटेक करताना, वळणातून बाहेर पडताना पिकअप जाणवतो तो हा. रेषा गुळगुळीत असेल, कुठे अचानक उसळी नसेल, तर पायाच्या दाबाला गाडी तंतोतंत उत्तर देते, आणि असं उत्तर देणारी गाडी वेगात चालवणं ही मला ठाऊक असलेल्या मोठ्या आनंदांपैकी एक आहे.

त्यामुळे मॅप करून घेणाऱ्याला माझा सल्ला एवढाच असतो, की ट्यूनरकडे आलेख नंतर मागा, आधी लॉग, म्हणजे गाडी पळताना ईसीयूने नोंदवलेले आकडे, मागा. उकाड्याच्या दिवशी, नेहमीच्या पेट्रोलवर, चौथ्या गिअरमध्ये २००० पासून लाल रेषेपर्यंत सलग दोन-तीनदा ओढलेला. त्यात प्रत्येक सिलिंडरची ठिणगी नॉकिंगमुळे किती अंश मागे घेतली गेली ते पाहा, मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट शेजारी ठेवा, आत येणाऱ्या हवेचं तापमान दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला किती चढलं ते पाहा. एखादाच सिलिंडर पुन्हा पुन्हा तीन-चार अंश मागे जात असेल तर आधी त्याचा प्लग आणि इंजेक्टर तपासा; तिथे काही सापडलं नाही, तर बूस्ट थोडा उतरवून मॅप परत लिहायला सांगा. असं सांगितल्यावर जो ट्यूनर वाद न घालता लॅपटॉप उघडतो, त्याच्याकडे मी माझी गाडी निर्धास्त सोडून येतो.